कळमजाईचा उजवा कौल

किंजळवाडीत कुणाची म्हैस रानात गेली ती परत आली नाही, कुणाच्या पोरीचं लग्न जमता जमता मोडलं, विहीर कुठं खणावी यावरून भावाभावांत जुंपली, की माणसं उठून दामू गोजराच्या ओट्यावर येऊन बसत. दामू काही भगत नव्हता. त्याच्या अंगात येत नसे, तो घुमत नसे, कोंबडं-बकरं मागत नसे. साधा भातशेतीवाला माणूस. चार खाचरं, एक बैलजोडी, आणि बोलायला लागला की समोरच्याला जांभई यावी असा संथ. पण कळमजाईला कौल लावायचा मान गोजरांच्या घराकडं, आणि बापामागं तो दामूकडं आलेला. मान कसला, राखणच म्हणा. कारण कौल लावणाऱ्यानंच देवीची राई राखायची, असा गावाचा जुना दंडक होता.

राई म्हणजे देवीचं रान. गाव संपलं की ती सुरू व्हायची आणि वर सिद्धगडाच्या अंगाला सरकारी जंगलाला जाऊन मिळायची. आत भरदुपारी अंधारून यायचं. हिरडे, जांभळी, उंबर, आणि मधोमध एक अजस्र आंबा. त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड, तीच कळमजाई. राईत कुऱ्हाड न्यायची नाही. मोडून पडलेली फांदीसुद्धा घरच्या चुलीत घालायची नाही; होळीला नेलीत तर तेवढी चालते. आणि राईतल्या शेकराला दगड मारायचा नाही. ते आईचं पोर.

आता शेकरू न पाहिलेल्याला काय सांगावं! खारच ती, पण मांजराएवढी. अंगावर तांबूस लोकर आणि शेपूट अंगाहून लांब. या फांदीवरून त्या फांदीवर अशी झेप घ्यायचं की खाली उभ्या माणसाचं काळीज लककन हलावं. जन्म झाडावर, मरण झाडावर. खाली मातीत उतरायचं नाव नाही. राईत त्यांची तीन-चार घरं होती, उंच शेंड्यांना काटक्यापानांची मोठमोठी घरटी. सकाळी दामू दिवा लावायला गेला की वरून कटकट आवाज करून ती त्याला ओरडायची आणि दामू खालून म्हणायचा, “हां हां, तुमचीच हाय राई. मी चाललो.”

कौलाची रीत अगदी साधी. तांदळाचे दोन दाणे पाण्यात भिजवायचे आणि देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायचे. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवा दाणा आधी पडला तर आई हो म्हणाली. डावा पडला तर नाही म्हणाली. बापानं दामूला हे शिकवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, “पाणी हाय, दाणा हाय, आई हाय. तुझा यात काय नाय. तू नुसता हात.” आणि वीस वर्षं दामू नुसता हात होता. सख्ख्या मेव्हण्याच्या जमिनीचा कौल डावा आला तेव्हा त्यानं डावाच सांगितला. बायको अंबूबाई, माहेर धसईचं, तिखट तोंडाची, पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण गावात शब्द झाला, की दामूच्या हातात खोट नाही.

मग सरकारलाही शेकराची आठवण झाली. खाकी कपड्यातली माणसं आली, साखळ्या धरून मोजणी झाली आणि राईच्या तोंडाशी पाटी उभी राहिली: अभयारण्य सुरू. दामूला त्या पाटीचं कोण कौतुक! “आपली आई जे सांगत आली, ते सरकारनं आता लिवला,” असं तो येईल त्याला ऐकवायचा. ही अक्कल थोडी उशिरा आली सरकारला, पण आली ना, असा त्याचा भाव.

पण आईच्या दंडकात आणि सरकारच्या पाटीत एक फरक होता. आई गावाला ओळखत होती. सरकार नकाशाला ओळखत होतं. गावातून मुरबाडच्या सडकेला जाणाऱ्या वाटेचा मधला तुकडा नेमका हद्दीच्या आत सापडला. ग्रामपंचायतीनं रस्त्यासाठी खडी आणून टाकली, तर त्या वेळचा गार्ड येऊन उभा राहिला. “इथं कुदळ मारली तर केस होईल.” खडीच्या ढिगावर गवत उगवलं, पुढं त्यावर शेळ्या चढून बसायला लागल्या. माणसं चडफडली, वरपर्यंत जाऊन आली, थकली. दामू त्यांना समजवायचा, “जरा दम धरा. आईच्या रानासाठी थोडं सोसलं तर काय बिघडतंय?”

काय बिघडतंय ते त्याला सत्त्याण्णवच्या श्रावणात कळलं.

सकू त्याची थोरली लेक. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार झाली तरी मोकळी होईना. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातातली गोष्ट राहिली नाही, मुरबाडला न्या. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. पुढचा खांदा दामूचा. त्या चिखलातून, गुडघ्याएवढ्या गाळातून, ते चौघे धावत नव्हते, नुसते पाय उपसत होते. झोळीतून सकू विचारत होती, “बाबा, सडक आली काय?” आणि दामू म्हणत होता, “आली गो, ही काय, आलीच.” ओढ्याला पाणी चढलं होतं. ते उतरायची वाट बघत काठावर झोळी टेकवली, आणि तिथंच, त्या गवत उगवलेल्या खडीच्या ढिगापासून हाकेवर, सकू गेली. पोटातलं मूलही गेलं.

तेराव्यानंतर दामू राईत गेला. वरून शेकरं नेहमीसारखी कटकटली. त्यानं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर खेकसला. “तुमाला कायदा हाय! माझ्या सकूला नव्हता!” मग त्याचीच त्याला लाज वाटली. पण ती लाज दोन दिवसांत विरली, आणि राग राहिला.

पुढं तीन-चार वर्षांनी, वैशाखात, एक साहेब आले. स्वभावानं गोड माणूस. ओट्यावर मांडी घालून बसले, कोरा चहा प्यायले. अभयारण्याची हद्द नव्यानं आखायचं चाललं होतं. कुठं ठेवायची, कुठं मागं घ्यायची, ते विचारत फिरत होते. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “हे बघा, राईत शेकरू आहे म्हणून हद्द इथपर्यंत खाली ओढलीये. शेकरू राहिलं नसेल आणि गावाची ना नसेल, तर ती वरच्या जंगलापर्यंत मागं घेता येईल.”

“आणि रस्ता?” कुणीतरी विचारलं.

“मग रस्त्याला आमची आडकाठी कशाला असेल?”

ओटाभर माणसं एकमेकांकडं बघायला लागली. साहेबानं राखणदार कोण ते विचारलं आणि सगळ्यांनी दामूकडं बोट केलं. “काय हो, दिसतं का शेकरू?”

त्याच सकाळी एका शेकरानं दामूच्या पुढ्यात अर्धं खाल्लेलं जांभूळ टाकलं होतं. दामू म्हणाला, “पयली व्हती. आता नाय दिसत. वर गेली सगळी.” इतक्या सहज म्हणाला, की त्याचा त्यालाच अचंबा वाटला. एवढी वर्षं खोटं न बोललेल्या तोंडाला खोटं किती सोपं जातं!

साहेबाचं समाधान झालं, गावाचं झालं नाही. राई सरकारच्या हद्दीतून सोडवायची म्हणजे शेवटी आईचंच रान. तिला विचारल्याशिवाय हो कसं म्हणायचं? म्हातारी धोंडीबाई, गावातली सर्वांत वयस्क बाई, काठी आपटून म्हणाली, “उद्या कौल लावा. आई हो बोलली तर हो, नाय बोलली तर खडीवर शेळ्याच बसू दे.” सगळ्यांना पटलं. साहेबही म्हणाले, लावा, मीही बघतो.

दुसऱ्या दिवशी दामू सगळ्यांच्या आधी राईत गेला. वाटेवर भोकराचं झाड होतं, पिकलेल्या भोकरांनी लगडलेलं. भोकराचा गर किती चिकट असतो ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक; पतंग चिकटवायला दुसरं काय वापरतात? दामूनं एक भोकर तोडलं. का तोडलं, असं त्याला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर, देवाशपथ, तो सांगू शकला नसता. आईला फसवायचं त्याच्या मनात नव्हतं. आईनं नाही म्हणू नये, एवढंच मनात होतं. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की कुठल्या कुठं जातो बघा.

गाव जमलं. दामूनं दाणे भिजवले. उजवा दाणा पाण्यानं लावला. डावा लावताना बोटावरचा गर त्याखाली दाबला. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “आई कळमजाई, तुझ्या रानावरची सरकारची पाटी हटवावी का? लेकरांना रस्ता मिळावा का? तुझ्या मनात असंल तर उजवा दे.” वर शेंड्यात शेकरू कटकटलं. साहेबाचं लक्ष नव्हतं. ते दाण्यांकडं बघत होते. दामूनं मान वर केली नाही.

वैशाखाची धग, पाणी सुकायला कितीसा वेळ! उजवा दाणा टपकन पडला. बायांनी आईच्या नावानं जयजयकार केला. धोंडीबाईनं दगडापुढं डोकं टेकलं. “बगा, आईला पण लेकरांची दया हाय.” डावा दाणा जिथल्या तिथं. माणसं पांगली तरी तो तिथंच. दामूला तो नखानं खरवडून काढावा लागला, तेव्हा शेंदराचा एक टवकाही निघाला. घरी येऊन त्यानं बोटं राखेनं घासली, मातीनं घासली. अंबूबाई म्हणाली, “काय लागला हाताला?” तो म्हणाला, “काय नाय.”

कागद कुठं कुठं फिरले ते फिरले, पण दोन वर्षांत हद्द मागं गेली. पाटी उपटली. आणि रस्ता आला. डांबर तापवल्याचा वास गावात पहिल्यांदा पसरला तेव्हा पोरं त्या धुरात नाचली.

दामूचा लेक ज्ञानेश्वर, त्याची बायको रेश्मा गरोदर राहिली. तिचंही मूल आडवं. पण या खेपेला जीप दारात आली आणि नीट मुरबाडला घेऊन गेली. पोटावर टाके पडले, पण मायलेकी दोघी हसतखेळत घरी आल्या. नातीचं नाव कुणाली ठेवलं. दामूनं तिला मांडीवर घेतलं आणि त्याला वाटलं, यासाठी शंभरदा भोकर तोडीन. मग लगेच वाटलं, हे काय बोललास रे तू? दोन्ही एकाच मनात, एकाच वेळी.

आणि शिक्षा काय झाली त्याला? झाली कुठं! गावात त्याचा मान दुप्पट झाला. दामूनं कौल लावला आणि रस्ता आला, म्हणून लांबलांबच्या गावांतून माणसं यायला लागली. तो हात जोडायचा, नको म्हणायचा. माणसांना तो आणखीच मोठा वाटायचा. नाइलाजानं दाणे लावायचा तेव्हा आधी बोटं पुन्हा पुन्हा धुऊन घ्यायचा. दाणा पडला तरी त्याला कळायचं नाही, की हे पाण्यानं झालं, का वाऱ्यानं, का आई खरंच अजून बोलते आपल्याशी. विचारायचं कुणाला? मधला माणूस तोच.

मग राघो आला. राघो दामूचा चुलतभाऊ. राई देवीची असली तरी सरकारी दप्तरात गोजरांच्या चार घरांच्या नावावर होती. अभयारण्य होतं तोवर त्या नावाला काही किंमत नव्हती. आता रस्ता आला, तशी बंगल्यांसाठी जमिनी बघणारी माणसं आली, आणि त्यांच्या मागोमाग लाकडाचा ठेकेदार. राघो चहा फुंकत म्हणाला, “दादा, तिघांची तयारी हाय. तुझी सही झाली की झाला.”

“येडा झालास काय?” दामू ताडकन उठला. “आईची राई हाय ती!”

“आईनं सोडली ना? तू तर कौल लावलास.”

दामू परत खाली बसला. मग म्हणाला, “परत कौल लावू.”

“कशाला? आईला एकच गोष्ट कितींदा विचारायची? तिला काय कामधंदा नाय?” राघो हसला. माणूस वाईट नव्हता हो. त्याच्या दोन पोरी लग्नाच्या होत्या, आणि आईनं हो म्हटलंय यावर त्याचा मनापासून विश्वास होता. तो विश्वास दामूनंच दिला होता त्याला.

दामूनं गावाला गावातल्या देवळाच्या ओट्यावर बोलावलं. कुणालीला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तीही त्याच्या मांडीवर. त्यानं एकदाच सगळं ओकून टाकलं. भोकर, डावा दाणा, शेकराबद्दलचं खोटं, सगळं. “मी आईच्या खांद्याला चीक लावला. कौल माझा व्हता, आईचा नव्हता. मला वाळीत टाका, जोड्यानं मारा, पण राईला हात लावू नका.”

दामूनं मान खाली घातली आणि वाट बघितली. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. एकदाचं कुणीतरी थुंकेल तोंडावर, आणि मग मोकळं होता येईल.

धोंडीबाईनं पदर सावरला. “दामू, भोकर कुठल्या झाडाचा रं?”

“वाटेवरच्या.”

“म्हंजे राईतल्याच ना?”

“हां.”

“मग आईच्याच झाडाचा. आईनंच दिला तुझ्या हातात. तिच्या मनात नसता तर तुझा हात तिथंच लुळा पडला नसता?” म्हातारीनं कुणालीच्या डोक्यावरून हात फिरवला. “रस्ता आला. रेश्मा सुटली. ही बाहुली मिळाली. आई कोपली असती तर असा झाला असता काय? उगा मनाला लावून घेऊ नको. भोळा तो भोळाच राहिलास.”

माणसं हसली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. राघो म्हणाला, “एवढी वर्षं छातीवर घेऊन बसलास? सांगायचा तरी!” आणि मांडीवर पोर झोपलेलं. आता ती जिवंत पोर मांडीवर असताना रस्ता येऊ नये होता, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

दामूनं सही केली नाही. तेवढं एक त्याच्या हातात होतं. चार वाट्यांतला त्याचा वाटा सगळ्यांत लहान, आईच्या दगडाभोवतीचा, आंब्याच्या सावलीएवढा. बाकी तिघांनी आपापले वाटे वेगळे करून घेतले, आणि तो सोडून बाकीचं रान गेलं. परवानगी ठेकेदारानं आणलेली, सगळं रीतसर. यंत्राच्या करवती घरघरायच्या आणि दामू घरात कान दाबून बसायचा. ट्रक थेट राईच्या तोंडाशी लागायचे, त्या गुळगुळीत डांबरावरून. ज्या रस्त्यानं कुणाली घरी आली, त्याच रस्त्यानं जांभळी गेल्या, हिरडे गेले, दोन पुरुषांच्या कवेत न मावणारे उंबर गेले.

राहिला तो आईच्या डोक्यावरचा आंबा. आणि आंब्यावर एक शेकरू.

बाकीची कधी पळाली, कुठं गेली, कुणाला ठाऊक. हे एक मागं राहिलं. सगळी माणसं बघायला आली. “आई हाय अजून! तिचं पोर बगा, गेला नाय!” म्हणून बायांनी नारळ फोडले. दामू खालून बघत होता. शेकरू एका फांदीच्या टोकाला जायचं, पुढचे पाय उचलायचं, समोर बघायचं. समोर नुसती खोडं आणि ऊन. मग वळून दुसऱ्या टोकाला जायचं. तिथंही तेच. जंगलाची कड माणसाला हाकेच्या अंतरावर होती. पण मधे माती होती, आणि माती त्यानं कधी तुडवली नव्हती.

“ते ऱ्हायला नाय रे,” दामू राघोला म्हणाला. “ते अडकलाय.”

त्यानं विहिरीचा दोर आंब्यापासून जंगलाच्या कडेपर्यंत ताणून बघितला. दोर पोचला नाही. दोन दोर जोडले, तर ते मधे लोंबून जमिनीला टेकले. माणसं म्हणाली, दामूचं डोकं फिरलं.

तो वनखात्याच्या चौकीवर गेला. नवा गार्ड तरणा पोरगा, खुर्ची पुढं करणारा. दामूनं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “काका, शेकराला कुणी मारला तर आमी सोडत नाय. अभयारण्य असो नसो, केस होते. पण झाडं मालकीची, परवानगी हाय. त्यात आमाला काय करता येत नाय.”

“मग त्यानं ऱ्हायचा कुठं?”

पोरग्यानं खिडकीतून बाहेर झाडांकडं बघितलं. मग म्हणाला, “भूक लागली की उतरेल आपसूक. कुत्र्यांना तेवढी आवरा.”

तेव्हापासून दामू हातात काठी घेऊन आंब्याखाली बसायला लागला. शेतावर गेला नाही. गावातल्या कुत्र्यांना दगड मारून हाकलायचा. रस्त्याकडेला एक बंगला उठला होता, त्याच्या राखणीला आणलेली दोन दांडगी कुत्री होती, ती हाकलली तरी पुन्हा यायची. वर आंब्याचा मोहोर गळून गेला होता आणि कैऱ्या धरल्याच नव्हत्या. शेकरू साल कुरतडत होतं. कटकट करायचं तेही त्यानं बंद केलं.

अंबूबाई रोज भाकरी घेऊन यायची. चार दिवस ती भाकरी ठेवून माघारी गेली. पाचव्या दिवशी भाकरी ठेवून वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, “एक सांगू? रागवू नका. तुमी खाली बसलाय म्हणून ते उतरत नाय.”

दामूनं वर बघितलं. खरंच होतं. शेकरू बुंध्यावरून अर्ध्यापर्यंत खाली आलं होतं. दामूची मान वळली तशी ते पुन्हा वर सरकलं.

“मी गेलो तर कुत्री येतील गो.”

“आणि नाय गेलात तर उपाशी मरंल.”

दामूनं भाकरी फडक्यात बांधली. मग काठी घेऊन उठला. जाताना बंगल्यावरच्या माणसाला हात जोडून सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत कुत्री बांधून ठेव बाबा. तो हो म्हणाला. दामू घरी आला, भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून बसला. अंबूबाई शेजारी बसली. दोघंही कान देऊन.

कुत्र्यांचा आवाज आला तसा तो अनवाणी धावला. शेकरू जंगलाच्या कडेपासून फार लांब नव्हतं. बरीच वाट चाललं होतं बिचारं, त्या उघड्या मातीवरून, ज्या पायांना चालणं ठाऊक नव्हतं त्या पायांनी. कुत्री काठीला भिऊन बाजूला झाली. दामूनं ते उचललं तेव्हा अंग अजून ऊन होतं आणि ते इतकं हलकं लागलं, की त्याला हुंदका फुटला.

संध्याकाळी गार्ड मोटारसायकलवरून आला. गाव गोळा झालेलं. त्यानं शेकराला उलटंसुलटं करून बघितलं आणि पंचनाम्याचा कागद काढला. “कुणी मारला?”

“मी,” दामू म्हणाला.

“काका, कुत्र्यांचे दात दिसतायत.”

“तू लिव. दामू गोजर. शेकराला मारला तर केस होते, बोललास ना तू? कर केस. मला ने मुरबाडला. मी सायबाला खोटं सांगितला, आईच्या खांद्याला चीक लावला, मी पाटी उपटवली. मी मारला याला.”

गार्डनं गावाकडं बघितलं. राघोनं डोक्याशी बोट नेऊन हळूच खूण केली. पोरगा समजूतदार होता. त्यानं कागदावर कुत्रं लिहिलं, पेन खिशाला लावलं आणि दामूच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, हे कुठल्याच कायद्यात बसत नाय. घरी जा, जेवा. यात तुमचा काय दोष?”

“मग मी सांगू तरी कुणाला, रे?” दामूनं विचारलं.

पोरग्यानं शेकरू गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलच्या मागं बांधलं आणि रस्त्याला लागला.